ड्रामाची ठिकाणं आणि इतिहास एकाच दिवसात: सोलला जाणाऱ्या तिघींसाठी

प्रश्न नाशिकच्या एका ताईंचा आहे. दिवाळीच्या सुट्टीत त्या, त्यांची सोळा वर्षांची मुलगी आणि अडुसष्ट वर्षांच्या आई अशा तिघी सोलला निघाल्या आहेत. मुलीला कोरियन मालिकांची शूटिंग झालेली ठिकाणं बघायची आहेत. आजींचं म्हणणं, नुसते पूल आणि कॅफे बघायला इतक्या लांब कशाला? तेव्हा गाइडसह एक दिवसाची ड्रामा-टूर घ्यावी का, घेतली तर कोणती, आणि तिच्यात आजींच्या हाती काही लागेल का?

ताई, टूर जरूर घ्या. पण ‘एका दिवसात आठ लोकेशन’ अशी जाहिरात असलेली घेऊ नका. कोविडची वर्षं सोडली तर २०१३ पासून मी मराठी ग्रुप घेऊन कोरियाला जाते. सुरुवातीला मीही असल्या टूर केल्या आहेत. ‘विंटर सोनाटा’ मालिकेतलं नामी बेट चुनचोनला, ‘गॉब्लिन’चा तो प्रसिद्ध बंधारा पार पूर्व किनाऱ्यावर गांगनुंगजवळ जुमुनजिनला. नकाशावर टिंबं जवळजवळ दिसतात, पण अर्धा दिवस बसमध्येच जातो. त्या बंधाऱ्यावर आम्ही पोचलो तेव्हा समुद्राचं गार वारं सुटलं होतं. लाल मफलर आणि फुलांचा गुच्छ हातात घेऊन फोटोसाठी रांग लागली होती. मुली रांगेत उभ्या राहिल्या. ग्रुपमधल्या सांगलीच्या एक आजी माझ्या शेजारी येऊन म्हणाल्या, “अगं, पण इथे आधी काय होतं?” मला उत्तर देता आलं नाही. मला त्या मालिकेतला प्रसंग सांगता येत होता, नायक-नायिका कुठे उभे होते ते दाखवता येत होतं, पण ते गाव कोणाचं, तो बंधारा कशासाठी बांधला, काही म्हणजे काही माहीत नव्हतं. तेव्हापासून मी प्रत्येक ठिकाण त्या आजींच्या प्रश्नावरच पारखते. ज्या जागेला ‘आधी काय होतं’ याचं चांगलं उत्तर आहे तिथेच ग्रुप न्यायचा. कोरियात अशा जागा भरपूर आहेत, आणि त्यातल्या कितीतरी ठिकाणी शूटिंगही झालेलं आहे.

एकच दिवस हातात असेल तर माझं मत स्पष्ट आहे: सोल सोडा आणि सुवॉनला जा. सोलहून मेट्रोच्या एक नंबर लाइननं तासाभरात सुवॉन स्टेशन येतं, तिथून टॅक्सीनं दहा-पंधरा मिनिटांत हेंगगुंग, म्हणजे राजाचा प्रवासातला वाडा. तुमच्या मुलीनं ‘लव्हली रनर’ किंवा ‘अवर बिलव्हेड समर’ बघितली असेल तर हेंगगुंग-दोंग, म्हणजे या वाड्याभोवतीची वस्ती, हे नाव ऐकताच ती उठून बसेल. दोन्ही मालिकांमधल्या गल्ल्या इथल्याच. ‘एक्स्ट्राऑर्डिनरी अॅटर्नी वू’मधलं नायिकेच्या वडिलांचं किंबापचं (भाताच्या गुंडाळ्यांचं) दुकानही याच भागातलं. आणि आजींसाठी? त्यांच्यासाठी इथे अख्खा किल्ला आहे, आणि तो का बांधला याची गोष्ट ऐकताना त्यांचे डोळे भरून येतील.

ती गोष्ट मी ग्रुपला पानिपतापासून सांगते, कारण मराठी माणसाला तो काळ चटकन डोळ्यांसमोर येतो. १७६१ च्या जानेवारीत पानिपत झालं. त्यानंतर दीड वर्षानं, १७६२ च्या उन्हाळ्यात, सोलच्या चांगग्योंगगुंग राजवाड्याच्या एका चौकात योंगजो राजानं आपल्या मुलाला, युवराज सादोला, तांदूळ ठेवायच्या लाकडी पेटाऱ्यात कोंडलं. आठव्या दिवशी सादो त्या पेटाऱ्यात मेला. त्याचा मुलगा तेव्हा नऊ वर्षांचा होता. हाच मुलगा १७७६ मध्ये जॉन्गजो म्हणून गादीवर बसला आणि दरबारात त्यानं सांगितलं, “मी युवराज सादोचा मुलगा आहे.” ज्या बापाचं नाव काढायची चोरी होती, त्या बापाचं नाव त्यानं पहिल्याच दिवशी घेतलं. ‘द रेड स्लीव्ह’ या मालिकेतला राजा तो हाच. तुमच्या मुलीला त्याचं प्रेमप्रकरण पाठ असेल. त्याच्या बापाचं काय झालं ते आजींनी ऐकावं, आणि मग दोघींनी एकमेकींना सांगावं. मी हे अनेकदा होताना बघितलंय.

जॉन्गजोनं १७८९ मध्ये वडिलांची समाधी सुवॉनजवळच्या चांगल्या जागी हलवली. त्या जागेवर जुनं गाव होतं, म्हणून गावच उचलून आजच्या ठिकाणी आणलं. नव्या गावाभोवती १७९४ ते १७९६ या काळात ह्वासॉन्ग किल्ल्याची साडेपाच किलोमीटरहून लांब तटबंदी उभी केली. याच काळात, १७९५ मध्ये, त्यानं आपल्या आईची साठी या हेंगगुंगमध्ये केली. कोरियात साठाव्या वाढदिवसाला ‘ह्वानगाप’ म्हणतात, आणि आपल्या षष्ट्यब्दीसारखंच त्याचं महत्त्व आहे. सादो आणि त्याची बायको एकाच वर्षी जन्मलेले. म्हणजे तो जगता तर त्याचीही साठी त्याच वर्षी होती. राजानं आईला सोलहून लवाजम्यासह वडिलांच्या समाधीपाशी आणलं आणि तिथून जवळच समारंभ केला. पोंगसुदांग नावाच्या दालनात तो देखावा आज मांडून ठेवलेला आहे. त्यासमोर मी मुद्दाम थोडा वेळ गप्प उभी राहते. ग्रुपमधल्या ज्यांनी स्वतः आईवडिलांची साठी, पंचाहत्तरी केलेली असते, त्यांना काही समजावून सांगावं लागत नाही. आणि त्याच १७९५ च्या दसऱ्याच्या सुमारास इकडे पुण्यात सवाई माधवराव शनिवारवाड्यातून खाली पडले होते, एवढं एक वाक्य मी जोडते. मग काळाचा अंदाज सगळ्यांनाच येतो.

हेंगगुंगमध्येच ‘दे जांग गुम’ या २००३ च्या गाजलेल्या मालिकेचं शूटिंग झालं होतं. मात्र आज तुम्ही बघाल त्यातला बराचसा वाडा नवा बांधलेला आहे. जपानी राजवटीत इथे इस्पितळ आलं, शाळा आली, मूळ इमारती एकेक करून गेल्या. पहिल्या टप्प्यातलं पुन्हा बांधकाम २००३ पर्यंत झालं आणि शाळेच्या जागेवरचं उह्वाग्वान हे दालन २०२४ मध्ये परत उभं राहिलं. काही जण हे ऐकून जरा नाराज होतात, ‘म्हणजे खोटंच की’ म्हणतात. मला तसं वाटत नाही, आणि त्याचं कारण एक पुस्तक आहे.

किल्ला बांधून झाल्यावर सगळ्या कामाची नोंद करणारा ‘उइग्वे’ म्हणजे राजदरबारी अहवाल तयार झाला आणि १८०१ मध्ये छापला गेला. त्यात प्रत्येक दरवाज्याचं, बुरुजाचं चित्र आहे. किती विटा, किती दगड, किती पैसे, सगळं आहे. जोंग याक-योंग या विद्वानानं जड दगड उचलण्यासाठी कप्प्यांचं जे यंत्र तयार केलं त्याची आकृती आहे. गवंडी, सुतार, पाथरवट यांची नावं आहेत, ते कोणत्या गावचे आणि किती दिवस कामाला होते तेही आहे. कोरियन युद्धात किल्ल्याची मोठी पडझड झाली. १९७० च्या दशकात दुरुस्ती करताना हेच पुस्तक समोर उघडून ठेवून काम झालं. किल्ला १९९७ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. शनिवारवाडा १८२८ मध्ये जळाला आणि आत आता जोती तेवढी उरली आहेत. त्यामुळे सुवॉनच्या तटावर उभं राहून ‘आपल्याकडे अशी एक वही असती तर’ असं प्रत्येक ग्रुपमध्ये कोणी ना कोणी म्हणतंच. मलाही दर वेळी तेच वाटतं.

आता मुलीच्या गल्ल्या. मालिकावाले सुवॉनला इतके का येतात? किल्ला वारसा असल्यामुळे आजूबाजूला उंच इमारती बांधायला बंदी आहे. सोलच्या आसपास सगळीकडे टॉवर उभे राहिले, इथे मात्र एक-दोन मजली विटांची घरं, लोखंडी फाटकं, गच्चीवरचे मातीचे रांजण तसेच राहिले. एकेकाळी तिथल्या लोकांना हा जाच वाटायचा, वस्ती मागे पडली होती. २०१३ च्या सप्टेंबरमध्ये महापालिकेनं महिनाभर या भागात गाड्याच बंद ठेवल्या, रस्ते चालायला नीट केले, आणि हळूहळू कॅफे आणि छोटी दुकानं आली. ‘लव्हली रनर’ची नायिका काळात मागे २००८ मध्ये जाते. २००८ सारखी दिसणारी गल्ली आज शोधायची तर ती इथेच सापडणार. म्हणजे तुमच्या मुलीला आवडणारी ती गल्ली टिकली ती जॉन्गजोच्या किल्ल्यामुळे. चांगला गाइड हे सांगतो. साधा गाइड ‘हे नायिकेचं घर’ म्हणून पुढे जातो. ते घर प्रत्यक्षात कॅफे आहे, आत बसून काहीतरी प्यायला हरकत नाही. पण आजूबाजूची घरं राहती आहेत. फाटकाला टेकून, आत डोकावून फोटो काढू नका.

दुपारनंतर ह्वाहोंगमुन. ओढ्यावर बांधलेला सात कमानींचा दरवाजा, आणि वर टेकाडावर बांगह्वासुर्यूजोंग हा मंडप, खाली गोल तळं. सूर्यास्ताच्या आधी तास-दीड तास तिथे चटई टाकून बसायची तिथल्या लोकांची पद्धत आहे. तुम्हीही बसा. आजींच्या गुडघ्यांची काळजी असेल तर सगळा तट चालायची गरज नाही. राजाच्या गाडीसारखी सजवलेली एक पर्यटक गाडी किल्ल्याभोवती फिरते, तिचं तिकीट सकाळीच काढून ठेवा.

आणखी एखाद्या दिवशी अर्धा दिवस सोलमध्ये मिळत असेल तर ग्योंगबोकगुंग आणि बुकचोन. ग्योंगबोकगुंग १३९५ चा, १५९२ च्या जपानी स्वारीच्या वेळी जळाला, १८६७ मध्ये पुन्हा उभा राहिला आणि विसाव्या शतकात त्याच्यापुढेच जपान्यांनी आपलं प्रचंड सचिवालय बांधलं. ते १९९५-९६ मध्ये पाडून टाकलं. हे माहीत असलं की गेटवर पहारा बदलण्याचा कार्यक्रम नुसता तमाशा वाटत नाही. मुलीनं भाड्यानं हानबोक हा पारंपरिक कोरियन पोशाख घातला तर राजवाड्यात प्रवेश फुकट मिळतो. वार मात्र नीट बघा: ग्योंगबोकगुंग मंगळवारी बंद, चांगदोकगुंग आणि चांगग्योंगगुंग सोमवारी बंद. हा एक मुद्दा चुकवल्यानं बंद दारासमोर उभे राहिलेले कितीतरी लोक मी बघितले आहेत.

बुकचोनच्या उतरत्या छपरांच्या गल्ल्या सहाशे वर्षं जुन्या आहेत असं पुष्कळ गाइड ठोकून देतात. वस्ती जुनी आहे, घरं बहुतेक १९२०-३० च्या दशकातली आहेत. सरदारांचे मोठे वाडे विकले जात होते आणि जपानी वस्ती या बाजूला सरकत होती. तेव्हा जोंग से-ग्वोन या बांधकाम व्यावसायिकानं मोठ्या जागांचे छोटे तुकडे करून सामान्य कोरियन कुटुंबांना परवडतील अशी हानोक, म्हणजे पारंपरिक कोरियन पद्धतीची घरं बांधली. आज आपण फोटोत बघतो त्या एकसारख्या छपरांच्या रांगा दिसतात त्या यामुळे. बुकचोनच्या टोकाला जुंगआंग हायस्कूल आहे, ‘विंटर सोनाटा’नंतर त्याच्या फाटकासमोर जपानी पर्यटकांची रीघ लागायची. १९१९ च्या एक मार्चच्या स्वातंत्र्य आंदोलनाची सुरुवातीची बोलणी याच शाळेच्या रात्रपाळीच्या खोलीत झाली होती. शाळा चालू असते, आत जायचं तर सुट्टीच्या दिवशी आणि परवानगीनं.

आणि बुकचोनमध्ये वेळ पाळा. २०२४ च्या नोव्हेंबरपासून मधल्या निवासी गल्ल्यांत पर्यटकांना सकाळी दहा ते संध्याकाळी पाच एवढीच वेळ आहे. २०२५ च्या मार्चपासून वेळेबाहेर फिरणाऱ्याला एक लाख वॉन दंड होतो. ही सक्ती मला योग्य वाटते. पलीकडे इह्वा-दोंगला जिन्यावर फुलांचं आणि माशांचं सुंदर चित्र होतं, मालिकांमुळे तिथे इतकी गर्दी आणि गोंगाट वाढला की २०१६ मध्ये रहिवाशांनीच ते रंग लावून पुसून टाकलं. २०२४ च्या डिसेंबरअखेर तर आंदोंगच्या ब्योंगसान सोवोन या युनेस्को वारसा असलेल्या गुरुकुलाच्या लाकडी खांबांवर एका मालिकेच्या माणसांनी दिवे टांगायला खिळे ठोकले. एका वास्तुतज्ज्ञानं ते बघितलं आणि देशभर संताप उसळला. शूटिंगमुळे एखादी जागा जगते तशी ती ओरबाडलीही जाते, हे तुमच्या मुलीला माहीत असलेलं बरं. ती समजूतदार वयाची आहे.

नामसान टॉवरवरची प्रेमी जोडप्यांनी लावलेली कुलपं, इतेवोनचा नोकसाप्योंग पादचारी पूल ही ठिकाणं संध्याकाळी तुमची तुम्ही करू शकता. त्यासाठी गाइड लागत नाही.

टूर ठरवताना कंपनीला सरळ विचारा: गाइडकडे कोरियन सरकारचा परवाना आहे का? वाटेत जिनसेंगच्या, सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानात थांबणार का? फार स्वस्त टूर बहुतेक वेळा तिथेच थांबते, आणि दिवसातले दोन तास तिथे जातात. बसमध्ये किती वेळ आणि पायी किती? इंग्रजी गाइड असेल तर आजींना तुम्ही मराठीत सांगू शकाल एवढ्या संथपणे तो बोलतो का? शक्य असेल तर दहा जणांच्या आतला ग्रुप घ्या. तिघींना मिळून खासगी गाइड परवडत असेल तर सुवॉनसाठी तोच घ्या आणि आदल्या दिवशी त्याला निरोप द्या, ‘आम्हाला जॉन्गजोची गोष्ट सविस्तर हवी आहे.’ परवानाधारक गाइड बहुतेक अभ्यास केलेले असतात. पाहुण्यांनाच ऐकायचं नसतं म्हणून ते बोलत नाहीत. असा निरोप मिळाला की खुलतात.

जेवणाचं: सुवॉन मांसाहाराच्या जेवणासाठी प्रसिद्ध आहे. आजी शाकाहारी असतील तर बिबिंबाप (भाज्या घातलेला भात) मागवून ‘गोगी प्पेगो जुसेयो’ म्हणा, म्हणजे मांस न घालता द्या. किमचीत मात्र बहुधा मासळीचा किंवा कोळंबीचा खारवलेला अंश असतो, हे आधी सांगून ठेवा. दशम्या आणि चटणी बरोबर घ्याच. फोनमध्ये नेव्हर मॅप (Naver Map) हे कोरियन अॅप घाला, गूगल मॅपवर तिथे चालत जायचे रस्ते नीट मिळत नाहीत. दिवाळीच्या सुमारास झाडांची पानं लाल-पिवळी होतात आणि सकाळ-संध्याकाळ चांगलीच थंडी असते, आजींसाठी कानटोपी ठेवा.

आणि एक दिवस जास्त काढता आला, तर पोहांगजवळच्या गुर्योंगपोला जा. सोलहून केटीएक्स रेल्वेनं साधारण अडीच तास, पुढे बस. ‘व्हेन द कॅमेलिया ब्लूम्स’ या २०१९ च्या मालिकेचं पोस्टर तिथल्या दगडी जिन्यावर काढलेलं आहे: दोघं पायऱ्यांवर बसलेले, मागे बंदर. त्याच पायऱ्यांवर बसून सगळे फोटो काढतात, तुमची मुलगीही काढेल. तिचा फोटो होईपर्यंत आजींना जिन्याच्या कडेच्या दगडी खांबांपाशी न्या. खाली जी जुनी लाकडी घरांची गल्ली आहे ती जपानी मच्छीमारांनी वसवलेली, आणि जिना चढून जिथे जातो तिथे त्यांचं देऊळ होतं. खांबांवर वर्गणी देणाऱ्या जपानी लोकांची नावं कोरलेली होती. १९४५ नंतर गावकऱ्यांनी ती नावं सिमेंटनं बुजवली, खांब फिरवून त्यांची पाठ पुढे केली आणि कोऱ्या बाजूवर पुढे आपल्या माणसांची नावं कोरली. पायऱ्या उतरताना जे नाव समोर दिसतं ते कोरियन. मी ग्रुपला खांबाच्या मागच्या बाजूला नेते आणि सिमेंटवर हात फिरवायला सांगते. बोटांना तो खडबडीत थर लागतो.